ठरावातला ‘लपवणारा’ नेमका कोण?

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

‘ताई, नमस्कार. मी एकसष्ट वर्षांचा आहे, विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालो, इंदूरच्या राजेंद्रनगरला राहतो. एप्रिल २०२१ मध्ये माझा धाकटा भाऊ कोरोनाने गेला. ज्या परदेशी अधिकाऱ्यांनी साथीची माहिती दडवली त्यांच्यावर भारत सरकारने निर्बंध लावावेत, असा ठराव आमच्या मंडळाच्या सभेत यायचा आहे आणि त्याचा मसुदा माझ्याकडे सोपवला आहे. माझी मुलगी पुण्यात वकिली करते. ती म्हणते, “बाबा, हा ठराव नाही, हा राग आहे.” राग असला म्हणून काय बिघडले, असे मी तिला विचारले. पण एक गोष्ट तुम्हालाच सांगतो. भावाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तेव्हा आम्ही दोन दिवस कॉलनीत कोणालाही कळू दिले नव्हते. दारावर फलक लागेल, कामवाल्या बाई यायच्या बंद होतील, दूधवाला फाटकापाशीही थांबणार नाही, ही भीती. ते आठवले की लिहिणारा हात थांबतो. असे निर्बंध कायद्यात बसतात का? ते लावणे योग्य आहे का? मी काय लिहावे? आणि भावाचे नाव ठरावात घालू का?’

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा कॉलनीतल्या त्या दोन दिवसांपाशी अडखळले. तुम्ही ते ओशाळून, जाता जाता सांगितले आहे. परंतु तुमच्या ठरावाचे खरे मर्म तिथेच आहे असे मला वाटते, म्हणून मी त्याकडे परत येणार आहे. आधी कायद्याचे बोलू, कारण त्याचे उत्तर त्यातल्या त्यात सरळ आहे, आणि आंतरराष्ट्रीय कायदा शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारखीला सरळ उत्तर देण्याची संधी क्वचितच मिळते.

परदेशी अधिकाऱ्यावर, म्हणजे त्याच्या देशाला हात न लावता त्याच्या एकट्याच्या नावावर, निर्बंध लावायचे म्हणजे त्याला व्हिसा नाकारायचा, आपल्या बँकांत किंवा जमीनजुमल्यात त्याचे काही असेल तर ते गोठवायचे आणि आपल्या नागरिकांना व कंपन्यांना त्याच्याशी व्यवहार करण्यास मनाई करायची. ही रीत रूढ झाली ती सर्गेई मॅग्निट्स्की या रशियन करसल्लागाराच्या मृत्यूनंतर. सरकारी अधिकाऱ्यांचा मोठा घोटाळा त्याने उघडकीस आणला, त्यालाच कोठडीत टाकण्यात आले आणि नोव्हेंबर २००९ मध्ये मॉस्कोच्या तुरुंगात तो मरण पावला. अमेरिकेने २०१२ मध्ये त्याच्या नावाचा कायदा रशियापुरता केला, २०१६ मध्ये तो जगभरासाठी खुला केला, आणि पुढे कॅनडा, ब्रिटन, युरोपीय संघ व ऑस्ट्रेलिया यांनी त्याच धर्तीच्या तरतुदी केल्या. या कायद्यांचा रोख प्रामुख्याने मानवी हक्कांच्या गंभीर उल्लंघनावर आणि काही ठिकाणी भ्रष्टाचारावर आहे. साथीची बातमी दडवणे हे कृत्य त्यांत वेगळे नोंदलेले नाही. २०२० मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये नेमक्या याच कारणासाठी एक विधेयक मांडले गेले होते आणि त्याला साथीचा इशारा देणाऱ्या, चीनमधल्या वुहानच्या डॉ. ली वेनलियांग यांचे नाव दिले होते. ते कायद्यात उतरले नाही.

आपल्याकडे तर असा कायदाच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठरवलेले निर्बंध अमलात आणण्यासाठी १९४७ चा एक लहानसा कायदा आहे, आणि इतर देशांनी आपापल्या मर्जीने लावलेले निर्बंध आपण मानत नाही, अशी भारताची जुनी भूमिका आहे. सुरक्षा परिषदेत चीन व रशिया यांना नकाराधिकार असल्याने त्या वाटेने तुमच्या ठरावाला काही मिळण्याजोगे नाही. सरकारच्या हाती आज उरते ते एवढेच, की एखाद्याला व्हिसा देऊ नये, आणि तो राजदूतावासातला असेल तर १९६१ च्या व्हिएन्ना करारानुसार त्याला नकोसा ठरवून परत पाठवावे. म्हणून ‘भारत सरकारने निर्बंध लावावेत’ एवढेच लिहून पाठवाल, तर तो कागद ‘योग्य कार्यवाहीसाठी’ असा शेरा घेऊन एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईल आणि तिथेच विसावेल. मागणी करायची असेल तर ती कायद्याची करावी लागेल.

न्यायालयाचा मार्ग तुमच्या मंडळींच्या मनात आला असेलच. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८६ प्रमाणे परकीय राष्ट्रावर केंद्र सरकारच्या संमतीवाचून दावा लावता येत नाही. अमेरिकेत मिसूरी राज्याने एप्रिल २०२० मध्ये चीनवर दावा लावला. मार्च २०२५ मध्ये सुमारे चोवीस अब्ज डॉलरचा हुकूमनामाही झाला, आणि वृत्तपत्रांच्या मथळ्यांनी आपल्याकडेही काहींना हायसे वाटले. परंतु बारकावा असा, की साथ लपवल्याचा आरोप त्या दाव्यातून अपील न्यायालयाने आधीच, सार्वभौमत्वाच्या संरक्षणामुळे, वगळला होता. टिकला तो केवळ मास्क आणि तत्सम सामग्रीचा साठा करून ठेवल्याचा भाग, आणि चीन हजरच न झाल्याने निकाल एकतर्फी लागला. परदेशी माणसापर्यंत न्यायालयाचा हात पोहोचत नाही हे मध्य प्रदेशात राहणाऱ्यांना मिसूरीकडून शिकण्याची गरज नाही. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर युनियन कार्बाइडचे प्रमुख वॉरन अँडरसन ७ डिसेंबर १९८४ रोजी अटक झाले, त्याच दिवशी जामिनावर सुटले, आणि २०१४ मध्ये अमेरिकेत मरेपर्यंत इथल्या न्यायालयापुढे पुन्हा उभे राहिले नाहीत.

मग साथीची बातमी देण्याचे बंधन कोणावरच नाही का? आहे. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम २००५ मध्ये नव्याने लिहिले गेले आणि १५ जून २००७ पासून अमलात आले. १९६ देश त्यांना बांधील आहेत. इतर देशांना धोका ठरू शकेल अशी घटना आहे, असा निष्कर्ष निघाल्यापासून चोवीस तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कळवले पाहिजे, असे कलम ६ सांगते. संघटनेने वर्तमानपत्रांतून, डॉक्टरांकडून, कोणाकडूनही बातमी ऐकावी आणि त्या देशाला जाब विचारावा, अशीही सोय त्यात आहे. नाही ती शिक्षा. ती विसरून राहिलेली नाही. दंड असता तर बहुतेक देशांनी हे नियम मानलेच नसते. आणि ‘निष्कर्ष निघाल्यापासून’ या दोन शब्दांत केवढी मोकळी जागा आहे पाहा! निष्कर्षच काढायचा नाही असे ठरवले, की चोवीस तासांचे घड्याळ सुरूच होत नाही.

आता ‘योग्य आहे का’ हा प्रश्न. तुमच्या मसुद्यात ‘माहिती लपवणारे अधिकारी’ असे शब्द आहेत. हा लपवणारा कोण, ते वुहानमध्ये शोधून पाहू. ३० डिसेंबर २०१९ रोजी डॉ. ली यांनी आपल्या सहाध्यायी डॉक्टरांच्या गटाला, सार्स या जीवघेण्या श्वसनरोगासारख्या आजाराचे रुग्ण आले आहेत, जपा, असा निरोप पाठवला. ३ जानेवारीला पोलीस चौकीत बोलावून, खोटे बोलून समाजाची घडी विस्कटवल्याबद्दल, त्यांच्याकडून छापील समजपत्रावर सही व अंगठा घेण्यात आला. ‘हे तुम्हाला कळले का?’ या प्रश्नापुढे त्यांनी ‘कळले’ असे आपल्या हाताने लिहिले आहे. ७ फेब्रुवारीला, तिशी नुकतीच ओलांडलेला हा नेत्रतज्ज्ञ त्याच आजाराने गेला. त्या दरम्यान, २७ जानेवारीला, वुहानचे महापौर सरकारी दूरचित्रवाणीवर म्हणाले की, स्थानिक शासन या नात्याने वरून अधिकार मिळाल्यावाचून आम्हाला माहिती जाहीर करता येत नाही. म्हणजे चौकीतला हवालदार वरिष्ठाकडे बोट दाखवणार, महापौर राजधानीकडे दाखवणार, आणि राजधानी, आम्हाला खालून वेळेवर कळलेच नाही, असे म्हणणार. हुबेई प्रांताच्या पक्षसचिवाला फेब्रुवारीत हटवले गेले. तुमच्या ठरावातले निर्बंध यांपैकी कोणावर लावायचे?

चीनमध्ये हे दुसऱ्यांदा घडत होते. सार्सचा पहिला रुग्ण नोव्हेंबर २००२ मध्ये ग्वांगडोंग प्रांतात आढळला आणि जागतिक आरोग्य संघटनेला अधिकृत कळवणी झाली ती पुढच्या फेब्रुवारीत. एप्रिल २००३ मध्ये जियांग यानयोंग या लष्करी रुग्णालयातल्या वयोवृद्ध शल्यचिकित्सकाने, बीजिंगमधले आकडे खोटे आहेत असे पत्र लिहून सांगितले. त्यानंतर २० एप्रिलला आरोग्यमंत्री व बीजिंगचे महापौर घरी गेले, आणि शहरातली रुग्णसंख्या ३७ वरून एकदम ३३९ झाली. रुग्ण एका रात्रीत वाढले नव्हते, मूठ उघडली होती एवढेच. पुढे त्या देशाने रुग्णालयातून थेट राजधानीपर्यंत माहिती पोहोचवणारी संगणकीय यंत्रणाही उभारली. खुद्द आपल्याच सरकारने मंत्र्याला काढले, यापेक्षा मोठा निर्बंध अधिकाऱ्याला कोणता? तरीही सोळा वर्षांनी वुहानमध्ये ती यंत्रणा वेळेवर चालली नाही, कारण ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ हे गणित मधल्या फळीत तसेच होते.

आणि लपवणारे एकाच देशात राहतात असेही नाही. १९७९ मध्ये सोव्हिएत संघातल्या स्वर्दलोव्स्क शहरात लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्सचे जंतू निसटले, साठाहून अधिक माणसे मेली, आणि दूषित मांसामुळे असे झाले हे अनेक वर्षे जगाला ऐकवले गेले. बोरिस येल्त्सिन यांनी १९९२ मध्ये सत्य मान्य केले. १९७९ मध्ये ते त्याच प्रांताचे पक्षप्रमुख होते. मर्स या श्वसनरोगाचा विषाणू २०१२ मध्ये सौदी अरेबियातल्या जेद्दा येथे ओळखून, त्याची वार्ता जगभरच्या तज्ज्ञांना इंटरनेटवरून कळवणाऱ्या इजिप्शियन विषाणुतज्ज्ञाला, डॉ. अली झकी यांना, नोकरी सोडून मायदेशी परतावे लागले. दोन वर्षांनी सौदी आरोग्य खात्याने जुनी दप्तरे तपासली, तेव्हा ११३ रुग्ण आकडेवारीत आलेच नव्हते असे निघाले. सर्वांत अवघड उदाहरण हैतीचे आहे. २०१० मध्ये तिथे पटकी, म्हणजे कॉलरा, आली ती संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरून. सुमारे दहा हजार माणसे गेली. संघटनेने वर्षानुवर्षे जबाबदारी टाळली, अमेरिकी न्यायालयात खटल्यापासून मुक्ततेचे संरक्षण घेतले, आणि सरचिटणीस बान की-मून यांनी दिलगिरी व्यक्त करेपर्यंत डिसेंबर २०१६ उजाडला. जिच्या परिषदेकडे निर्बंध मागायचे, ती संघटनाच लपवणारी निघाली तर कोणाकडे जायचे?

आता लपवण्याचे कारण पाहू, कारण तुमचा ठराव कारणाला हात लावत नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतला फुप्फुसाचा प्लेग आला, हे तुम्हाला आठवत असेल. आपल्याकडे इंदूरलाही औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन मागायला माणसे येत होती आणि स्टेशनावर नाकाला रुमाल बांधलेले प्रवासी उतरत होते. मृत्यू पन्नासच्या आसपास झाले. आरोग्य संघटना प्रवासबंदी करू नका असे सांगत असताना अनेक देशांनी भारताची विमाने थांबवली, माल परत केला, आणि देशाचे नुकसान सुमारे दोन अब्ज डॉलर असल्याचा अंदाज पुढे मांडला गेला. याहून ताजे म्हणजे, २४ नोव्हेंबर २०२१ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी विषाणूचे नवे रूप शोधून तत्परतेने जगाला कळवले. दोनच दिवसांत त्याचे ओमिक्रॉन असे बारसे झाले, आणि त्याच सुमारास ब्रिटनसह अनेकांनी त्या देशाची विमाने बंद केली. उत्तम शास्त्र केल्याची ही शिक्षा आहे, असे त्यांच्या सरकारने जाहीरपणे म्हटले. एखाद्या बंदराच्या शहरातला आरोग्याधिकारी हे सगळे पाहत असतो. कळवले तर उद्या नुकसान नक्की. दडवले तर कदाचित वीस वर्षांनी कोणी नाव काढील. त्या ‘कदाचित’ला अमेरिकेचा व्हिसा मिळणार नाही ही धमकी जोडल्याने त्याचा हिशेब किती बदलेल, तुम्हीच विचार करा. विमा खात्यात इतकी वर्षे काढलेल्या माणसाला जोखमीचा हिशेब मी काय सांगणार!

मराठी माणसाला तर ही गोष्ट पाठ असायला हवी. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. आकासिओ व्हिएगास यांनी गाठीचा प्लेग ओळखला, तेव्हा व्यापारावर आणि बंदरावर गदा येईल म्हणून मान्य करायला सरकारदरबारी खळखळच झाली. पुढच्याच वर्षी साथरोगाचा कायदा आला, पुण्यात रँडच्या हुकमतीखाली गोरे शिपाई माजघरात शिरून रुग्ण हुडकू लागले, आणि लोकांनी काय केले? रुग्ण माळ्यावर लपवले, मृत्यूची वाच्यता टाळली. धाकाने रुग्ण सापडतात ही समजूत तेव्हाच खोटी ठरली होती. २०२० च्या एप्रिलमध्ये आपल्याच इंदूरच्या एका वस्तीत तपासणीला गेलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांवर दगड आले. त्या कर्मचाऱ्यांचा काही अपराध नव्हता आणि दगडाचे समर्थन मी करणार नाही. परंतु ‘उचलून नेतील’ ही त्यामागची भीती एकशे तेवीस वर्षांपूर्वीच्या पुण्यातल्यासारखीच होती.

आता तुमचे ते दोन दिवस. मी तुम्हाला दोष देण्यासाठी ते पुन्हा उकरत नाही, हे आधी स्पष्ट करते. त्या दिवसांत आमच्या गल्लीतही एका घराच्या फाटकाला आडवा बांबू बांधून वर कागद चिकटवला होता, आणि तो बांबू सुटल्यानंतरही कित्येक दिवस भाजीवाला त्या घरापाशी गाडी थांबवत नसे. ज्यांनी आधी कळवले त्यांच्या वाट्याला हे आले, हे तुम्ही पाहिले होते, म्हणून तुम्ही थांबलात. तुमच्यात आणि वुहानच्या आरोग्य कार्यालयातल्या एखाद्या कारकुनात फरक आहे. तो अधिकाराचा आहे आणि परिणामाचा आहे, आणि तो फार मोठा आहे. भीतीची जात मात्र एकच आहे. हात थांबतो असे तुम्ही लिहिले आहे. तो थांबू द्या, पण मसुदा टाकून देण्यासाठी नव्हे. ‘लपवणारा’ हा शब्द खोडून त्या जागी नेमका शब्द बसवण्यासाठी.

तो नेमका शब्द माझ्या मते ‘तोंड दाबणारा’ हा आहे. लपवल्याचा आरोप सिद्ध करायचा तर अमुक अधिकाऱ्याला अमुक तारखेला काय ठाऊक होते आणि ते साथीचेच लक्षण आहे हे त्याला कळले होते का, हे दाखवावे लागते. नव्या आजाराच्या पहिल्या पंधरवड्यात प्रामाणिक डॉक्टरही गोंधळलेले असतात, आणि असा पुरावा परक्या देशाच्या कपाटात असतो. अशा खटपटीत चोर सोडून संन्याशाला फाशी होण्याचीच भीती अधिक. पण कोणी बोलला आणि त्याला कोणी गप्प केले, याचा कागद असतो. डॉ. ली यांच्या समजपत्रावर चौकीचा शिक्का आणि पोलिसांच्या सह्या आहेत. वुहानमधून चित्रफिती पाठवणाऱ्या झांग झान या महिला पत्रकाराला डिसेंबर २०२० मध्ये चार वर्षांची कैद झाली, तो निकाल न्यायालयाचा आहे. जानेवारी २०२० मध्ये विषाणूची जनुकीय माहिती जगाला खुली करणाऱ्या शांघायच्या प्रयोगशाळेला दुसऱ्याच दिवशी ‘सुधारणेसाठी’ टाळे लागले. कोणीतरी त्या आदेशावर सही केली असणार. शिवाय हा मार्ग कायद्याला परका नाही. अमेरिकेच्या २०१६ च्या कायद्यातच, सरकारी अधिकाऱ्यांची बेकायदा कृत्ये उजेडात आणणाऱ्यांचा छळ करणारे, असा उल्लेख आहे. मॅग्निट्स्की स्वतः तसाच माणूस होता.

यावर मंडळात कोणी म्हणेल, की मग वरचे सुटले आणि चौकीतला हवालदार सापडला. आक्षेप खरा आहे. म्हणून छळाचा आदेश देणारा, तो अमलात आणणारा आणि छळ ठाऊक असून अधिकार असतानाही न थांबवणारा, असे तिघेही मसुद्यात घ्या. दुसरा कोणी म्हणेल, की चीनशी वैर परवडेल का. ऑस्ट्रेलियाने एप्रिल २०२० मध्ये साथीच्या उगमाची स्वतंत्र चौकशी मागितली. मे महिन्यात तिथल्या जवावर चीनने ऐंशी टक्क्यांहून अधिक कर बसवला, आणि तो ऑगस्ट २०२३ पर्यंत राहिला. सोसले ते शेतकऱ्यांनी. पीथमपूरच्या औषध कारखान्यांत काम केलेला कोणी तुमच्या सभेत असेल तर त्याला विचारा, कच्चा माल कुठून येतो. एकट्याने नावे जाहीर करण्यापेक्षा अनेक देशांनी मिळून एकच यादी करावी, ही मागणी म्हणूनच शहाणपणाची आहे. यादीतल्या प्रत्येकाला कारणे कळवावीत आणि नाव वगळून घेण्यासाठी दाद मागता यावी, हेही त्यात लिहा, नाहीतर ती यादी राजकारणाचे हत्यार होईल.

एक गोष्ट कदाचित तुमच्या सभेला आवडणार नाही. ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे’ असा ठराव करू नका. ३० जानेवारी २०२० रोजी जागतिक आणीबाणी जाहीर झाली आणि त्याच दिवशी केरळमध्ये आपला पहिला रुग्ण सापडला. तुमचा भाऊ गेला तो त्यानंतर जवळजवळ पंधरा महिन्यांनी, जेव्हा वुहानमध्ये जे दडवले गेले ते सगळ्या जगाला ठाऊक झाले होते. त्या एप्रिलमध्ये ऑक्सिजन का नव्हता याचे उत्तर चीनमध्ये नाही. मे २०२२ मध्ये आरोग्य संघटनेने भारतातल्या २०२० आणि २०२१ मधील अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज ४७ लाख असा दिला. आपला अधिकृत कोरोना-मृत्यूंचा आकडा त्याच्या दहाव्या भागाइतका होता, आणि सरकारने संघटनेच्या पद्धतीवर कडक आक्षेप घेतला. कोणाचे गणित बरोबर हे ठरवण्याची ही जागा नाही. पण तुम्ही जो नियम मागता तो उद्या दुसऱ्या देशाने आपल्या अधिकाऱ्यांना लावला, तर तो तुम्हाला मान्य असेल का, हे सही करण्यापूर्वी स्वतःला विचारा. माझे उत्तर, मान्य असेल, असे आहे. म्हणूनच मसुद्यात एक घरचे कलमही हवे: गैरप्रकार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा आपला कायदा २०१४ मध्ये संमत होऊनही अमलात आलेला नाही, तो आणावा आणि त्यात साथीची माहिती देणारे डॉक्टर, परिचारिका व प्रयोगशाळेतले कर्मचारी यांचा स्पष्ट उल्लेख करावा.

आणि निर्बंधांच्या आधी, खरे सांगणाऱ्याला भरपाई. इंदूरकरांना याचा दाखला लांब शोधायला नको. तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या काळात, १९१७ मध्ये, पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार इथे आले तेव्हा शहर प्लेगने हैराण होते आणि तपासनीस दिसला की लोक दारे लावून घेत. गेडिस यांनी दिवाळीला मोठी मिरवणूक काढायचे ठरवले, आणि ज्या भागात सर्वांत जास्त घरे झाडून-पुसून निघतील त्या भागातून ती जाईल असे जाहीर केले. सारे गाव कामाला लागले. शहरातली सर्वांत स्वच्छ गल्ली आपलीच निघावी, म्हणून लोकांनी उंदरांची बिळे आपण होऊन दाखवली असतील, अशी माझी कल्पना आहे. देशादेशांच्या व्यवहारात याचे रूप असे, की वेळेवर कळवणाऱ्या देशाची विमाने वैद्यकीय कारण न देता बंद करू नयेत, केली तर जाब द्यावा, आणि त्याचे व्यापारी नुकसान सामायिक निधीतून काही अंशी भरून द्यावे. जाब देण्याचे बंधन आरोग्य नियमांच्या कलम ४३ मध्ये आजही आहे. दक्षिण आफ्रिकेच्या वेळी ते कोणी मनावर घेतले नाही. तुमच्या ठरावाचे पहिले कलम मी हे ठेवीन आणि निर्बंधांचे दुसरे.

दुसऱ्या कलमाचे वाक्य साधारण असे होऊ शकेल: ‘साथीच्या किंवा तत्सम सार्वजनिक आरोग्याच्या आणीबाणीची माहिती सद्भावनेने देणाऱ्या डॉक्टर, शास्त्रज्ञ, पत्रकार अथवा नागरिकाला अटक करणाऱ्या, धमकावणाऱ्या, नोकरीवरून काढणाऱ्या, किंवा तसा आदेश देणाऱ्या कोणत्याही देशाच्या अधिकाऱ्यास भारतात प्रवेश नाकारण्याचा व त्याची येथील मालमत्ता गोठवण्याचा अधिकार देणारा कायदा संसदेने करावा.’ ‘सद्भावनेने’ हा शब्द काढू नका, आणि कोणत्याही देशाचे नाव घालू नका. ठराव परराष्ट्र मंत्रालयाला पाठवाल तेव्हा आरोग्य मंत्रालयाला आणि आपल्या खासदारांना प्रत द्या. खासगी विधेयकाच्या वाटेने विषय निदान पटलावर तरी येतो.

मुलीचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. मसुदा रागातून निघाला आहे, पण तो रागाचाच राहायला हवा असे नाही. तिला आधी दाखवा, कलमांची भाषा तिला माझ्यापेक्षा ताजी ठाऊक असेल. भावाचे नाव मात्र ठरावात घालू नका. मंत्रालयाच्या आवक नोंदवहीत ते कोणाच्याही ध्यानात राहणार नाही. ठराव मांडायला उभे राहाल तेव्हा वाचायला सुरुवात करण्यापूर्वी त्याचे नाव घ्या, आणि धीर झाला तर त्या दोन दिवसांचेही सांगा. सभेत तसे दोन दिवस काढलेली आणखी घरे असतील. सभेची तारीख तुम्ही कळवलेली नाही. पंधरा दिवस हाताशी असतील तर सुधारलेल्या मसुद्याची एक प्रत मला पाठवा, हाताने लिहिलेली असली तरी चालेल.